बंद स्वर आणि चालता हात : फंक बासवरचं बोटांचं काम

मंडळी, गेल्या खेपेला व्याख्यान संपल्यावर एका गृहस्थांनी आम्हाला जिन्यात गाठलं. म्हणाले, "सर, जन्मभर न्याय-वैशेषिक शिकवलंत, आणि आता हे बास गिटारचं काय काढलंत?" प्रश्न रास्त आहे. पुतण्या परदेशी गेला, त्याची बास गिटार आमच्या कपाटामागे राहिली. 69व्या वर्षी आम्ही ती बाहेर काढली आणि चार महिन्यांत डावं मनगट सुजवून घेतलं. डॉक्टरांनी सहा आठवडे वाद्याला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. वर म्हणाले, असंच चालू ठेवलंत तर हाताने साधी पिशवी उचलता येणार नाही. त्या सहा आठवड्यांत आम्ही नुसतं ऐकलं. आज जे सांगणार आहोत ते बरंचसं तेव्हा उमगलेलं आहे.

आम्ही ऐकत होतो फ्रान्सिस रोको प्रेस्टिया यांना. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात 1968 साली 'टॉवर ऑफ पॉवर' हा वाद्यवृंद उभा राहिला, त्याचे हे बासवादक. जन्म 1951चा, म्हणजे आमच्याच पिढीचे. 2020 साली गेले. 1973च्या त्यांच्या अल्बममध्ये 'व्हॉट इज हिप' नावाचं गाणं आहे. पुढे पितळी वाद्यांचा ताफा गर्जत असतो, ड्रमवर डेव्हिड गॅरिबाल्डी, आणि खाली बास एका मात्रेला चार या हिशेबाने अखंड चाललेला. पहिल्यांदा ऐकताना वाटतं, हा माणूस स्वर वाजवतोय की एखादं चामड्याचं वाद्य? कारण त्यातला कुठलाच स्वर लांबत नाही. टक्कन उमटतो आणि मिटतो.

हे समजायला थोडं गणित करू. मेट्रोनोम 100 वर ठेवला, एका मात्रेत चार स्वर, म्हणजे मिनिटाला 400. एका स्वराच्या वाट्याला येतो सेकंदाचा साधारण सातवा हिस्सा. बासची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते. म्हणजे एका स्वराच्या घरात तिची जेमतेम सहा आंदोलनं मावतात! ती सगळी वाजू दिली तर पुढचा ठोका मागच्या गुंजारवात बुडतो, सगळा चिखल होतो. निम्म्यावर तार थांबवली तर मध्ये एक फट पडते आणि त्या फटीमुळे पुढचा ठोका स्वच्छ कळतो. नैयायिक अभावाला स्वतंत्र पदार्थ मानतात, हे आम्ही वर्गात तीस वर्षं सांगितलं. मुलं मान डोलवायची, पण पटायचं नाही बहुतेकांना. फंक वाजवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. स्वर नष्ट झाल्यावरचा जो अभाव, प्रध्वंसाभाव म्हणतात तो, त्याला रोज बोटांनी घडवावा लागतो.

आता घडवायचा कसा? इथेच आमचं मनगट सुजलं होतं. आमची समजूत अशी, की तार थांबवायला जोर लागतो. उलट आहे. डाव्या हाताचं बोट पडद्यामागे तार दाबतं, उजवं बोट ती छेडतं, आणि लगेच डावं बोट नुसतं सैल होतं. तार सोडायची नाही हं. बोट तारेला चिकटूनच राहतं, फक्त दाब काढून घेतो. तेवढ्याने ती मुकी होते.

एक खोच मात्र आहे. पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या पडद्यावर एकच बोट हलकं टेकलं तर तार मुकी व्हायच्या ऐवजी शीळ घातल्यासारखा बारीक स्वर देते. म्हणून एकापेक्षा जास्त बोटं आडवी टेकवावीत, दोन-तीन. मोकळ्या तारेच्या बाबतीत तर दाब काढायला बोटच नसतं. तिथे ही आडवी बोटं वरून अलगद ठेवावी लागतात.

काही लोक ब्रिजजवळ, म्हणजे आपल्या तंबोऱ्याच्या घोडीपाशी म्हणा, तारांखाली स्पंजचा तुकडा घालतात. डेट्रॉइटला मोटाउनच्या ध्वनिमुद्रणात जेम्स जेमर्सन यांच्या बासवर असा फोम असे, आणि ते उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने वाजवत. त्यांचं वादन कोणाला कमी म्हणायचं? पण स्पंज सगळ्याच स्वरांना सारखं वागवतो. डावा हात प्रत्येक स्वराचा वेगळा निवाडा करतो: हा दीर्घ, हा ऱ्हस्व, हा तर फक्त 'टक्'. आमच्या मते शिकणाऱ्याने स्पंजापासून सुरुवात करू नये. हात आळशी होतो.

उजव्या हाताचं काम सांगायला सोपं, करायला कंटाळवाणं. तर्जनी आणि मध्यमा आळीपाळीने, एखाद्याने शांतपणे चालावं तशी. अंगठा पिकअपवर टेकलेला. मध्यमा लांब, म्हणून तिचा ठोका जरा जड पडतो. स्वतःचं वादन फोनवर मुद्रित करून ऐकलं की हे लंगडणं लगेच कळतं. आम्हाला कळलं तेव्हा लाज वाटली. उपाय एकच: अॅम्प्लिफायरचा आवाज वाढवा आणि बोटं हलकी करा. जोराने छेडलं की दोन बोटांतला फरकही मोठा होतो, आणि कोपरापर्यंतचा स्नायू भरून येतो.

रियाजाला आपल्या तबल्याचा आधार घ्या. 'ति र कि ट' हे चारही बंद बोल आहेत, एका मात्रेत नेमके बसतात. मेट्रोनोम 60 वर. डावी बोटं तारेवर आडवी, अजिबात दाब नाही. उजव्या हाताने तिरकिट, तिरकिट, पाच मिनिटं. एकही स्वर नाही, नुसतं टकटक. शेजारीण विचारते, "काका, सुतारकाम चाललंय का?" चालू द्यावं. मग फक्त 'ति'वर डावं बोट दाबायचं, बाकी तीन मुकेच. मग 'ति' आणि 'ट'वर. मग फक्त 'कि'वर, हे फार अवघड जातं. उजव्या हाताला या बदलांचा पत्ता लागता कामा नये. त्याच्या दृष्टीने दर वेळी तेच चालू आहे. आमचा बासचा शिक्षक पंचविशीतला आहे, तो म्हणतो, "सर, उजव्या हाताला तुम्ही काही सांगूच नका." सांगण्याची सवय असलेल्या माणसाला हे जड जातं, पण खरं आहे.

वेग महिन्याला चार-पाच अंकांनीच वाढवावा. आम्ही दीड वर्षात 60 वरून 88 वर आलो. 'व्हॉट इज हिप'च्या चालीला अजून पोचलो नाही. पोचू की नाही, हे मनगटाच्या मर्जीवर. दुखायला लागलं की थांबतो. दुखणं म्हणजे कुठेतरी दाब काढायचा राहिलाय, असा त्याचा अर्थ आता आम्हाला वाचता येतो. बहुतेक वेळा डावा अंगठा मानेच्या मागून उगाच रेटा देत असतो.

वाद्य इथे जोडून ठेवलं आहे. आधी सगळं मोकळं सोडून वाजवतो, मग तेच बंद करून. मागच्या रांगेतल्या मंडळींनी जरा पुढे यावं. हा आवाज खालचा आहे, मागे नीट पोचत नाही.