ओपन सोर्स ॲपची कॉपी काढून स्पर्धा करणं चुकीचं आहे का?

सिंपल गॅलरी वापरलंय कधी? तेव्हा जाहिराती नव्हत्या, इंटरनेटची परवानगी मागत नव्हतं, फोटो फोनमध्येच राहायचे. सिंपल मोबाइल टूल्स या संचातलं हे ॲप. गॅलरीसोबत कॅलेंडर, डायलर, फाइल मॅनेजरही होतं. 2023 च्या शेवटी मूळ डेव्हलपरने हा संच झिपोॲप्स या कंपनीला विकला. आता जाहिराती येणार, अशी भीती वापरणाऱ्यांमध्ये पसरली.

मग या ॲप्सवर आधी काम केलेल्या एका डेव्हलपरने तोच कोड घेऊन फॉसिफाय सुरू केलं. असा कोड घेऊन वेगळी चूल मांडली की त्याला फोर्क म्हणतात.

ही चोरी आहे का? नाही. कोड जीपीएल 3 लायसन्सखाली होता. तो कोणीही घ्यावा, बदलावा, अगदी विकावाही. मोठी अट ही, की तुम्ही पुढे जे वाटाल त्याचा कोडही त्याच लायसन्सखाली खुला ठेवायचा. कंपनीकडे नाव गेलं, प्ले स्टोअरवरची जागा गेली. आधीच खुला झालेला कोड मात्र सगळ्यांचाच राहिला.

पण लायसन्स परवानगी देतं म्हणून सगळंच योग्य ठरत नाही. माझ्या मते खरी परीक्षा नावात असते. फॉसिफायने नाव बदललं, त्यामुळे कोणाची फसगत झाली नाही. याउलट व्हीएलसीचं बघा. त्याचा कोड घेऊन, वर जाहिराती टाकून, स्वतःचा कोड लपवून ठेवणारी ॲप्स आली आणि व्हिडिओलॅनने त्याबद्दल तक्रारीही केल्या. तिथे तर लायसन्सच मोडलं.

अवघड प्रश्न वेगळाच आहे. मूळ प्रोजेक्ट नीट चालू आहे, दोन-तीन जण नोकरी सांभाळून रात्री बसून बग सोडवतायत, आणि तुम्हाला फक्त एक डार्क थीम हवीय. तेवढ्यासाठी फोर्क काढला तर आधीच कमी असलेली माणसं विभागली जातात. आधी तो बदल त्यांनाच पाठवा ना! नाही म्हणाले, किंवा महिनोन् महिने उत्तरच आलं नाही, तर खुशाल फोर्क करा. वापरणारे काही कोणाच्या मालकीचे नसतात. फक्त जुन्या लोकांची नावं पुसू नका, आणि त्यांच्या कोडमधला बग तुम्हाला सापडला तर दुरुस्ती त्यांनाही पाठवा.