मैत्रीची विनंती

मैत्री करण्यासाठी विनंती पाठवावी लागेल, ही कल्पना मागील पिढ्यांना विचित्र वाटली असती. ओळख आधी होई, स्नेह सावकाश जुळे. मैत्री नेमकी कोणत्या दिवशी झाली हे कोणालाही सांगता येत नसे. समाजमाध्यमांनी हा क्रम उलट केला. तेथे 'मित्र' हे नाते प्रथम जाहीर होते. परिचय व्हायचा तर मागाहून होतो.

भारतात ही सवय मोठ्या प्रमाणावर रुजवली ती ऑर्कुटने. गूगलमधील अभियंते ऑर्कुट ब्युक्कोक्तेन यांच्या नावाने जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळावर आरंभी निमंत्रणावाचून प्रवेश नव्हता. ब्राझील आणि भारत येथे ते विशेष लोकप्रिय झाले. एकाच्या 'स्क्रॅपबुक'मध्ये दुसऱ्याने लिहिलेला मजकूर प्रारंभी कोणालाही वाचता येई. म्हणजे खासगी गप्पा जणू चावडीवर चालत. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसलेले तरुण शाळेतील दुरावलेले सोबती शोधत आणि त्याच ओघात पूर्णतः अनोळखी माणसांनाही मित्र करून घेत. मित्रांची मोठी संख्या हे त्या काळी भूषणच होते. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले.

तोपर्यंत बहुतेकांनी फेसबुकची वाट धरली होती. हार्वर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांसाठी निघालेले हे माध्यम सप्टेंबर २००६ मध्ये तेरा वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना खुले झाले. खऱ्या नावाचा आग्रह असल्यामुळे येथे वर्गमित्रांपाठोपाठ काका, आत्या आणि कार्यालयातील साहेबही येऊन पोहोचले. मग नवाच पेच उभा राहिला. काकांच्या घरी वर्षभर न जाणे एक वेळ खपून जाते. त्यांची विनंती अनुत्तरित ठेवणे मात्र लक्षात राहते. फेसबुकने मित्रांची मर्यादा ५,००० ठेवली आहे. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ रॉबिन डन्बार यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या अनुमानानुसार मनुष्य साधारण १५० स्थिर नातीच सांभाळू शकतो. उरलेल्यांना मित्र म्हणावे की प्रेक्षक, हा प्रश्न गैरलागू नाही. यादीतून नावे वगळण्याची प्रथाही लवकरच पडली. 'अनफ्रेंड' हा शब्द २००९ साली न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन शब्दकोशाने वर्षाचा शब्द म्हणून निवडला.

ट्विटर आणि इन्स्टाग्राम यांनी परस्परसंमतीची अटच सैल केली. खाते खुले असेल तर कोणीही कोणाचा अनुयायी होऊ शकतो. दुसरीकडे, इन्स्टाग्रामने २०१८ मध्ये निवडक जिवलगांसाठी वेगळी यादी करण्याची सोय दिली. गर्दी जमवून झाल्यावर माणसे पुन्हा आडोसा शोधू लागली होती.

अनोळखी विनंती स्वीकारण्याची जुनी सवय मात्र आज महाग पडू शकते. परिचिताचे नाव आणि छायाचित्र उचलून बनावट खाते उघडले जाते, मैत्रीची विनंती येते आणि काही दिवसांतच 'रुग्णालयात आहे, तातडीने पैसे पाठव' असा निरोप येतो. यादीतील अन्य मित्रांनी ती विनंती स्वीकारली आहे, एवढ्यावरून ती खरी ठरत नाही, कारण तेही असेच फसलेले असू शकतात. अशा वेळी त्या परिचिताच्या जुन्या क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री करावी. पैसे गेलेच असतील, तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी.