बांधीत धान, धुऱ्यावर तूर, मातीत कारागीर

वैनगंगेकाठचा बालाघाट म्हणजे धानाचा जिल्हा. इथल्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बांधीत धान, धुऱ्यावर तूर आणि कापणीआधी ओल्या बांधीत फेकलेली उतेरा लाखोळी, ही रीत इथून गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत दिसते. धान्य-कडधान्याची ही जोडी जमवतात मातीतले सूक्ष्मजीव. त्यांच्या काही करामती पाहा!

हवेतलं खत
हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण कुठल्याच पिकाला तो थेट घेता येत नाही. तुरीच्या मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम गटाचे जिवाणू तो पचेल असा करून देतात, तूर त्यांना साखर पुरवते. डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी १८८८ मध्ये असे जिवाणू गाठींतून वेगळे काढले.

गुलाबी गाठ
फुलोऱ्याआधी तुरीचं एक झाड खणून काढा. उपटलंत तर गाठी मातीतच राहतील. गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल दिसलं तर काम जोरात चालू आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावकीतला!

शेजारी खादाड बरा
चढावरच्या हलक्या जमिनीत कोदोसोबत तूर पेरली की कोदो मातीतला नायट्रोजन भराभर उचलतो. मग तुरीला हवेतल्या नायट्रोजनवर जास्त भिस्त ठेवावी लागते. युरिया जास्त पडला, तर मात्र गाठीच कमी धरतात.

कुलूपबंद स्फुरद
तांबड्या मातीत लोह स्फुरदाला धरून ठेवतं. तुरीची मुळं पिसिडिक आम्ल सोडून तो मोकळा करतात. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमधल्या संशोधकांनी हे १९९० मध्ये दाखवलं. मुळांशी जोडलेली मायकोरायझा बुरशी आपले धागे लांबवर पसरून दूरचा स्फुरदही ओढून आणते.

पाण्यातही कामकरी
साचलेल्या पाण्यात तूर तग धरत नाही, म्हणून तिची जागा धुऱ्यावर. बांधीतलं काम नीलहरित शेवाळ सांभाळतं. धानाच्या शेतात ते नायट्रोजन स्थिर करतं, हे पी. के. डे यांनी १९३९ मध्ये सिद्ध केलं.

नाईलकाठचे पाहुणे
इजिप्तमध्ये धान आणि बरसीम घास शेकडो वर्षं आलटून पालटून घेतात. तिथे बरसीमचे रायझोबियम चक्क धानाच्या मुळांत राहताना सापडले, तेही गाठी न करता! १९९७ मध्ये हे संशोधन छापून आलं.

आता तुमची पाळी
तुरीच्या १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम पुरतं. गुळाच्या थंड पाण्यात कालवा, बियाण्याला हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवून लगेच पेरा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. आणि लाखोळी उपटू नका, विळ्याने कापा. मुळं बांधीत कुजली की त्यांतला नायट्रोजन पुढच्या धानाच्या कामी येतो.