फूल उमलते त्या सकाळी ठरणारी रुई

यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबनच्या काळ्या रानात पऱ्हाटी फुलावर आली की शेतकरी पाती किती गळाली आणि बोंडे किती धरली ते पाहतो. रुईचा हिशेब त्याच वेळी फुलाच्या आत सुरू झालेला असतो. अमेरिकन कपाशीचे फिकट पिवळसर फूल सकाळी उमलते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडते. या एक-दोन दिवसांत बीजांडाच्या बाहेरच्या थरातल्या पेशींपैकी सुमारे 25 ते 30 टक्के पेशी फुगून वर येतात. यातली प्रत्येक पेशी म्हणजे पुढचा एक तंतू. ती पुन्हा विभागत नाही. वीसेक दिवस लांबत राहते, मग आतून सेल्युलोजचे थर चढवते, आणि बोंड फुटेपर्यंत आपल्या जाडीच्या हजारपटीहून लांब झालेली असते. काही दिवस उशिरा वाढू लागलेल्या पेशी मात्र आखूडच राहतात. जिनिंगनंतर सरकीवर उरते ती लव त्यांचीच. तंतू झालेल्या पेशीत आणि तिला खेटून असलेल्या, तंतू न झालेल्या पेशीत जनुके अगदी तीच असतात. त्यातली कोणती, कुठे आणि कधी चालू झाली, एवढाच फरक. कपाशीचे भवितव्य या नियमनावर ठरते, आणि तरीही आपली सगळी चर्चा ‘बियाण्यात कोणते जनुक आहे’ इथेच थांबते.

याचा स्वच्छ पुरावा ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेच्या संशोधकांनी 2011 मध्ये दिला. इतर जनुकांना चालू-बंद करणारे एक नियामक जनुक त्यांनी कपाशीत दाबून टाकले. झाडे वाढली, त्यांच्या बाकीच्या भागांवरची लव जशीच्या तशी राहिली, पण सरकी निघाली ती तंतूविना, बोडकी. त्याच वर्षी चीनमधल्या शास्त्रज्ञांनी उलट दिशेने प्रयोग केला. ऑक्सिन हे संप्रेरक तंतूंच्या सुरुवातीला लागते. पण ते झाडभर वाढवले तर सगळी वाढच बिघडेल. म्हणून ऑक्सिन बनवणाऱ्या जिवाणूच्या जनुकाला त्यांनी पेटुनियाच्या झाडातली अशी कळ जोडली, जी बीजांडाच्या बाहेरच्या थरातच चालते. रुईचा उतारा 15 टक्क्यांहून अधिक वाढला आणि तंतूही बारीक निघाला. हे यश जितके जनुकाचे, तितकेच जागा आणि वेळ अचूक साधल्याचे आहे.

हाच धडा विदर्भाला त्याआधीच मिळाला होता, तोही नागपुरातून. भारतात बीटी कपाशीला 2002 मध्ये परवानगी मिळाली. तिच्यातल्या जनुकाला जोडलेली कळ फुलकोबीवरच्या एका विषाणूची, झाडाच्या सगळ्या भागांत सतत चालू राहणारी म्हणून ओळखली जाणारी. केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या केशव क्रांती आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये वेगळेच चित्र मांडले. या जनुकामुळे झाडात बनणारे, अळीला मारणारे विष पानांत सर्वाधिक होते. पात्यात, फुलाच्या बीजकोशात आणि बोंडाच्या सालीत, म्हणजे अळी जिथे घुसते तिथेच, ते अपुरे होते. झाडाचे वय वाढत गेले तसे ते घटत गेले आणि सुमारे 110 दिवसांनंतर बोंडअळीला मारण्याइतके उरले नाही. जनुक कुठेही गेले नव्हते. फरदड ठेवलेल्या, म्हणजे पीक हंगामानंतरही राखलेल्या, शेतातही ते जनुक असतेच, फक्त त्याचे काम मंदावलेले असते.

यावर कोणी म्हणेल, कोरडवाहू शेतीत पाऊस ठरवतो, जनुक नव्हे. पाऊस ठरवतो हे खरेच. तंतू लांबण्याच्या दिवसांत पाण्याचा ताण पडला तर धागा आखूड होतो. पण तो ताण पेशीला जाणवतो आणि तिची वाढ आवरती घेतली जाते, ती बऱ्याच अंशी याच नियमनातून. पाऊस आणि जनुक यांना समोरासमोर उभे करण्यात म्हणून अर्थ नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: गुलाबी बोंडअळी आता विषालाच दाद देत नाही, मग मात्रेचा काथ्याकूट कशाला? प्रतिकारशक्तीची कारणे अनेक आहेत. बिगर-बीटी कपाशीच्या आश्रय ओळी बहुतेक शेतांत लावल्याच गेल्या नाहीत. लांब मुदतीच्या संकरित वाणांनी अळीला महिनोन्महिने खाद्य पुरवले. संकरित झाडाच्या बोंडातल्या काही सरक्यांत आनुवंशिकतेच्या नियमाने बीटी जनुक येतच नाही, आणि ही अळी सरकीच खाते. यातले सगळे नियमनाने सुटणार नाही. तरीही अपुऱ्या मात्रेत थोडी सहनशील अळीही वाचते आणि तिची पिलावळ वाढते. बियाण्यातले संरक्षण कमी पडले की उरते ती फवारणी, आणि 2017 च्या हंगामात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. बियाण्याच्या पाकिटावर जनुकाचे नाव छापलेले असते. शंभर दिवसांच्या कोरडवाहू पऱ्हाटीच्या बोंडात ते जनुक किती काम करते, याचा आकडाही त्याच्या शेजारी छापायला हवा, आणि तो मुकुटबनसारख्या रानात मोजलेला हवा.