भिजलेले पाण्यातच ठेवा!

फोटो काढणे आता फारच स्वस्त झाले आहे. खिशातला फोन काढला, बोट टेकवले की झाले! मला हा छंद जडला तेव्हा एका रोळात बाराच फोटो निघत, आणि त्यातला एक वाया गेला तर आठवडाभर बोलणी खावी लागत.

१९७२ सालची मे महिन्याची सुटी. आम्ही साताऱ्याचे, पण आजोळ सांगलीला, गावभागात. मामा कचेरीत कारकून होते. पगार बेताचा, पण हौस दांडगी! त्यांच्याजवळ बडोद्याला तयार झालेला ‘आगफा क्लिक थ्री’ होता. पाठीमागच्या लाल खिडकीत आकडा बघत रोळ पुढे सरकवायचा. रोळ बहुधा ‘इंदू’ छापाचा, उटीच्या सरकारी कारखान्यातला. (तो कारखाना पुढे बंद पडला.) आयर्विन पूल, हरिपूरचा संगम, अंगणात केस वाळवणारी मामी, असे बारा फोटो जपून, मोजून काढायचे.

रोळ धुवायला स्टुडिओत देणे मामांना मंजूर नव्हते. “तांदूळ आपला आणि भात दुसऱ्यानं शिजवायचा होय रे?” असे म्हणत. तेव्हा रात्री जेवणे आटोपली की न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडे लागे. पुष्कळांना वाटते की हे सगळे काम लाल दिव्यात चालते. तसे नाही. लाल दिवा चालतो तो कागदावर फोटो छापताना. आमच्या फिल्मला तोही खपत नसे. मिट्ट काळोखात रोळाची दोन टोके दोन हातांत धरून तो डेव्हलपरच्या ताटातून खाली-वर खेळवायचा. घड्याळ दिसणार कसे? म्हणून मामी ओसरीवरून ओरडे, “पाच झाली हो! सहा झाली हो!” एकदा दूध उतू गेले आणि ती आठवा आकडा विसरली. त्या रोळात आयर्विन पूल असा काळाठिक्कर उतरला की विचारू नका.

खरा शत्रू काळोख नव्हे, सांगलीचा उन्हाळा. पुस्तकात लिहिलेले असे, पाणी ६८ अंश फॅरनहाइट हवे. मे महिन्यातले नळाचे पाणी त्याच्या किती पुढे! फिल्मवरची चांदी जिलेटिनच्या थरात बसलेली असते. पाणी कोमट झाले की हा थर फुगतो, मऊ पडतो, नखाचा धक्का लागला तरी सुटतो. म्हणून भुशात गुंडाळलेला बर्फ आणायचा, तो परातीत घालायचा आणि परातीत औषधाचे ताट ठेवायचे. औषधात बर्फ टाकायचा नाही, ते पातळ होते. शिवाय हायपोच्या द्रावणात इतर औषधांबरोबर मामा तुरटीही घालत. तुरटीने थर कडक होतो.

साताऱ्याला परतल्यावर मी घरीच हा उद्योग सुरू केला. माहुलीचे घाट, अजिंक्यतारा, चार भिंती, काही सोडले नाही. हिवाळ्यात तिथले पाणी मुळातच गार, म्हणून मी तुरटीला फाटा दिला. निगेटिव्ह मात्र सांगलीला पाठवत असे. मामा त्यांवर नंबर घालून, कागदी पाकिटांत भरून पत्र्याच्या डब्यांत ठेवत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा गावभागात शिरली. मामा तेव्हा हयात नव्हते. मामी आधीच विश्रामबागेत लेकीकडे गेली होती. पाणी ओसरल्यावर तिचा फोन आला.

“अरे, ह्यांचे फोटोचे डबे बुडाले बघ. थोडे उन्हात घातलेत.”

“मामी, उन्हातलं तसंच राहू दे, पण बाकीचं वाळवू नकोस! गार पाण्यात बुडवून ठेव.”

“भिजलेलं परत पाण्यात? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?”

तिला दोष कसा देणार? भिजलेली वस्तू माणूस वाळतच घालतो. पण ओल्या निगेटिव्ह एकमेकींवर वाळल्या की जिलेटिन सरसासारखे चिकटते. मग त्यांची वीट होते. उन्हात घातलेल्या दोन डब्यांच्या तशा विटा झाल्या होत्या. त्यांत मामांच्या लग्नानंतरची पहिली दोन वर्षे होती. मामीने त्या विटा हातात धरून उलट्यासुलट्या करून पाहिल्या आणि खाली ठेवल्या. काही बोलली नाही.

मी साताऱ्याहून निघालो तो वाटेत बर्फाची लादी घेऊनच. पुन्हा परात, पुन्हा गार पाणी. कागदाची पाकिटे पाण्याखालीच सोडवायची, एकेक निगेटिव्ह कडेला धरून अलगद सुटी करायची, चिखल वाहू द्यायचा, चिमट्याने दोरीला टांगायची. माझ्या साताऱ्याच्या रोळांवरचा थर हातातच सुटला. सगळा अजिंक्यतारा काळपट चोथा होऊन परातीत तरंगला! मामांचे मात्र निम्म्याहून अधिक टिकले. पुराचे पाणी त्यांना कमी लागले असेल. पण माझा विश्वास तुरटीवर आहे.

संध्याकाळी मामीने चष्मा लावून दोरीवरची एक पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. निगेटिव्हमध्ये काळे ते पांढरे आणि पांढरे ते काळे. अंगणात केस वाळवणारी एक बाई, तिचे केस पांढरेशुभ्र दिसत होते.

“ही कोण रे म्हातारी?” मामीने विचारले.