आधी गटार, मग रस्ता

गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला की सगळ्यांनाच बरे वाटते. चिखल संपतो, फजरच्या नमाजला निघालेल्या वृद्धांना अंधारात पाय घसरण्याची भीती राहत नाही, मुलांचे शाळेचे कपडे स्वच्छ राहतात. पण पहिल्याच मोठ्या पावसात या रस्त्यावरचे पाणी उंबरा ओलांडून घरात आले, तर? मग रात्रभर बादल्यांनी पाणी उपसण्याचे काम घरातल्या बायकांच्याच वाट्याला येते. सोलापूर-अक्कलकोट मार्गावरील वळसंगसारख्या गावात रस्त्याची मागणी करताना पाण्याचा विचारही तेव्हाच झाला पाहिजे.

"आपल्याकडे पाऊसच किती पडतो?" असे काही जण म्हणतील. सोलापूर भागात वर्षाचा सरासरी पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर, हे खरे. पण तो सारखा पडत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दोन-चार दिवसांतच झोडपून काढतो. ऑक्टोबर २०२० मधील अतिवृष्टी जिल्हा विसरलेला नाही.

साधा हिशेब करू. गल्ली १०० मीटर लांब व ४ मीटर रुंद आहे आणि ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर एकट्या रस्त्यावर २० हजार लिटर पाणी जमते. दोन्ही बाजूंच्या छपरांचे पाणी वेगळेच. पूर्वी त्यातले थोडे मातीत मुरत होते. सिमेंटमध्ये ते मुरत नाही. त्याला वाट दिली नाही, तर ते आपली वाट स्वतः शोधते.

खरी चूक उंचीत होते. जुना रस्ता न खोदता त्यावरच नवा थर टाकला जातो. दर वेळी रस्ता वर येतो आणि घरे खाली जातात. गरिबाला जोते उचलून घेणे परवडत नाही. शिवाय आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. कडेला पाणी साचत राहिले, तर नवा रस्ताही खालून खचतो. म्हणजे गटार वाचवून केलेला रस्ता शेवटी महागच पडतो.

म्हणून काम सुरू होण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. नव्या रस्त्याची उंची घरांच्या उंबऱ्याखाली राहील का? गटाराचा उतार कुठून कुठे आहे? आणि ते पाणी शेवटी कोणत्या ओढ्याला मिळणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर आपल्या दारातले पाणी खालच्या मोहल्ल्यात ढकलले जाईल, एवढेच.

हे विचारण्याची जागा म्हणजे ग्रामसभा. ती वर्षातून किमान चार वेळा व्हावी लागते आणि तिच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे. पाणी उपसणाऱ्या हातांनी तिथे बोललेच पाहिजे. मागणी तोंडी न ठेवता लेखी द्यावी, पोच घ्यावी आणि ती ठरावात नोंदली गेली का, ते पाहावे. कामाचे अंदाजपत्रक माहितीच्या अधिकारात मागता येते.

आपल्यालाही आरशात पाहावे लागेल. गटारावर पायरी कोणी बांधली? प्लॅस्टिकच्या पिशव्या, राख आणि कुर्बानीच्या दिवसांतील कचरा त्यात कोण टाकतो? तुंबलेल्या गटारातून डास येतात आणि घराघरांत आजार शिरतो. रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानाचाच भाग आहे, अशी शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. तुंबलेले गटार ही तशीच वस्तू नव्हे काय?

जागा असेल तिथे सांडपाण्यासाठी शोषखड्डा करावा. मात्र काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, म्हणून तो खालच्या मुरमापर्यंत न्यावा. छपराचे पाणी पन्हळीने टाकीत घ्यावे. आणि पावसाळ्यापूर्वीच्या एखाद्या जुम्याला, नमाजनंतर तासभर, गल्लीतल्या सर्वांनी, शेजारच्या हिंदू बांधवांनाही बरोबर घेऊन, आपले गटार मोकळे करावे. पाणी दारात शिरताना घर कोणाचे, हे पाहत नाही.