चार गोल झाले की एक गडी जास्त

नॉर्वेतल्या लहान मुलांच्या फुटबॉलमध्ये एक नियम आहे. एखादा संघ चार गोलांनी पुढे गेला, की मागे पडलेल्या संघाला एक जादा खेळाडू मैदानात उतरवता येतो. म्हणजे पाचांविरुद्ध सहा. फरक कमी झाला की सहावा पुन्हा बाहेर. दोन्हीकडे सारखेच खेळाडू, हा तर सांघिक खेळाचा पायाच. इथे तोच पाया हरणाऱ्याच्या बाजूने मोडायची परवानगी खुद्द नियमपुस्तकच देतं!

मुलांच्या बऱ्याच क्लबांमध्ये भिंतीवर एक आचारसंहिता लावलेली असते. प्रतिस्पर्ध्याचा आदर करा, चिडवू नका, पंचांशी हुज्जत घालू नका. प्रवेश घेताना पालक खाली सही करतात आणि मग तिच्याकडे कुणी बघत नाही. नॉर्वेच्या या नियमात 'आदर' हा शब्दच नाही. पण तो काय करतो ते पाहा. आठ वर्षांच्या मुलांचा सामना ४-० झाला की जिंकणाऱ्यांना कंटाळा येतो, मग त्यांची फुशारकी सुरू होते. समोरचा गोलकीपर रडकुंडीला आलेला असतो. अशा वेळी सहावा गडी आला की रिकाम्या जागा बुजतात. एकट्याने चेंडू पळवत नेणाऱ्या पोराला आता पास द्यावाच लागतो. चिडवायला फुरसत उरत नाही, कारण खेळ पुन्हा अवघड झालेला असतो. आपल्या गल्लीत लिंबूटिंबूला आउट न करता खेळवून घेतात, तसाच हा शहाणपणा. फक्त इथे देशाच्या फुटबॉल संघटनेने तो नियमात बसवलाय.

नॉर्वेच्या क्रीडा महासंघाने मुलांच्या खेळासाठी १९८७ मध्ये नियम केले आणि २००७ मध्ये त्यांना मुलांच्या हक्कांची जोड दिली. अकराव्या वर्षापर्यंत निकालांच्या याद्या नाहीत, गुणतक्ता नाही, क्रमवारी नाही. तेराव्या वर्षापर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. बक्षीस द्यायचंच असेल तर सगळ्यांना द्यायचं. यातली गंमत अशी, की चार गोलांचा नियम पाळायचा तर गोल मोजावेच लागतात; पण सामना संपला की तो आकडा कुठेच छापला जात नाही. मुलांना अर्थातच तो पाठ असतो. सात वर्षांच्या कुठल्याही पोराला विचारा, किती गोल झाले आणि कुणी मारले ते घडाघडा सांगेल.

हा नुसता लाड वाटत असेल तर जन्मतारखांकडे बघा. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं, की तिथल्या वरच्या पातळीवरच्या आइस हॉकी खेळाडूंमध्ये वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचा भरणा आहे. कारण साधं आहे. वयोगट १ जानेवारीला तोडला, की जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरात जन्मलेलं मूल एकाच गटात येतात. आठव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे आयुष्याचा जवळजवळ नववा हिस्सा! थोराड मूल 'हुशार' ठरतं, त्याला जास्त खेळायला मिळतं, म्हणून ते खरोखरच पुढे जातं. फुटबॉलमध्येही हेच पुढे वारंवार दिसलं आहे. अशा वयातला गुणतक्ता बऱ्याच अंशी जन्मदाखल्यांचाच तक्ता असतो.

आता पालक. नॉर्वेत यजमान क्लबचा एक स्वयंसेवक, बहुधा कुणाची तरी आई किंवा बाबा, ठळक रंगाचं जॅकेट घालून मैदानाभोवती फिरतो. त्याला सामन्याचा यजमान म्हणतात. सामन्याआधी दोन्ही प्रशिक्षक आणि पंच दोन मिनिटं भेटतात. पालकांनी संघांच्या समोरच्या बाजूला उभं राहायचं, म्हणजे प्रशिक्षकाच्या कानाशी कुजबुज नाही आणि बदली खेळाडूच्या डोक्यावर सूचनांचा पाऊसही नाही.

जर्मनीत आखेनच्या राल्फ क्लोर यांनी याच्याही पुढची पायरी गाठली. त्यांच्या 'फेअर प्ले लीग'मध्ये लहानग्यांच्या सामन्याला पंचच नसतो. फाउल झाला की नाही, चेंडू रेषेबाहेर गेला की नाही, ते मुलंच ठरवतात. दोन्ही प्रशिक्षक एकाच जागेत शेजारी शेजारी उभे राहतात आणि अगदीच अडलं तर बोलतात. पालक साधारण पंधरा मीटर मागे. मला यातला पंधराचा आकडा फार आवडतो. तिथून खेळ नीट दिसतो, टाळ्या ऐकू जातात, पण 'अरे, डावीकडे दे ना!' हे मुलापर्यंत सहज पोचत नाही. आणि भांडायला पंचच नसल्यामुळे मुलांचं आपापसांत काही सेकंदांत मिटतं. चेंडू थांबून राहिला तर त्यांचीच मजा जाते.

जर्मन संघटनेने २०२४-२५ च्या हंगामापासून लहान मुलांसाठी छोटे संघ, छोटे गोल आणि गुणतक्त्याशिवाय खेळ सक्तीचा केला. यामागे होर्स्ट वाइन यांच्या चार छोट्या गोलांच्या खेळाची प्रेरणा आहे. हे वाइन मूळचे हॉकीचे प्रशिक्षक. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये भारताने ज्या स्पेनला ४-३ ने हरवून सुवर्ण घेतलं, तो संघ त्यांनीच घडवला होता. नव्या नियमांवर बोरुसिया डॉर्टमुंडचे प्रमुख हान्स-योआखिम वाट्सके जाम वैतागले. आता चेंडूशिवाय खेळवा, नाहीतर चेंडू चौकोनी करा, म्हणजे हळू पळणाऱ्यांपासून तो लांब जाणार नाही, अशी थट्टा त्यांनी केली.

थट्टा झकास आहे, पण मला ती पटत नाही. जेमतेम ५५ लाखांच्या नॉर्वेने २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदकं घेतली, सगळ्यांत जास्त. पुरुषांचा फुटबॉल संघ १९९८ नंतर थेट २०२६ च्या विश्वचषकाला पात्र ठरला. हे सगळं लहानपणच्या नियमांमुळेच झालं असं मी म्हणणार नाही; तिथे बर्फ आहे, पैसा आहे, क्लबसाठी फुकट राबणारे शेजारी आहेत. पण गुणतक्ता नसल्याने मुलं मऊ पडतात, हा दावा त्या देशात तरी टिकत नाही.

कधी कधी तर असा नियम खालून वर चढतो. इंग्लंडच्या संघटनेने २००८ मध्ये 'रिस्पेक्ट' मोहीम आणली. तळागाळातल्या सामन्यांत प्रेक्षकांसाठी वेगळी रेषा आखायची आणि पंचांशी बोलायची जबाबदारी कर्णधारावर टाकायची, असं तिचं स्वरूप होतं. पंचांशी फक्त कर्णधारानेच बोलायचं, हा दंडक २०२४ च्या युरो स्पर्धेत थेट एम्बापे आणि रोनाल्डोच्या पातळीवर लागू झाला.

आपल्याकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ मध्ये लहान मुलांसाठी 'गोल्डन बेबी लीग' सुरू केली. आता कोल्हापूर असो, पुणे असो की मडगाव, मुलामुलींना अकादमीत घालणारे पालक फी विचारतात, किट विचारतात, प्रशिक्षकाचा परवाना विचारतात. तुम्ही जाल तेव्हा आणखी एक प्रश्न विचारा: सामना ७-० झाला, तर तुमच्याकडे पुढे काय करतात?